फौजदाराचा उपवास

“हात घालू नका, चावतो तो!” मृदुलावहिनी ओरडल्या, तोवर माझा हात कोपरापर्यंत माशाच्या टाकीत गेला होता आणि फौजदाराने माझं मधलं बोट धरलं होतं.

“चावू दे,” मी म्हटलं. “चावतोय म्हणजे अंगात जोर आहे.”

“जोर आहे तर खात का नाही?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण ‘माहीत नाही’ म्हणायची मला सवय नव्हती. “थंडीमुळे,” मी ठोकून दिलं.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडात बसस्थानकामागे माझं शोभेच्या माशांचं दुकान होतं, ‘रंजना ॲक्वेरियम’. जातीने आम्ही भोई. मासा धरायचा कसा हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. तो जगवायचा कसा हे मी माझं मी शिकले, आणि त्याचा मला भारी तोरा होता. गावात माशांचा डॉक्टर नव्हता, त्यामुळे ती पदवीही मी स्वतःला देऊन टाकली होती. कुणाचा मासा उलटा तरंगो की कुणाची टाकी हिरवी पडो, निरोप मलाच यायचा.

दाण्यांच्या घरी तिसऱ्या मजल्यावर होता तो फ्लॉवरहॉर्न. वीतभर लांब, लालभडक, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. काचेजवळ येईल त्याच्यावर धावून जायचा, म्हणून नाव फौजदार. ही जात एकटीच ठेवावी लागते. सोबतीला दुसरा मासा सोडला तर संध्याकाळी त्याची शेपटीसुद्धा सापडत नाही. अण्णा दाण्यांनी तो माझ्याकडूनच नेला होता. चष्म्याच्या दुकानाचं काम मुलावर सोपवून ते घरी बसले तेव्हा करमणूक म्हणून. आठ महिन्यांपूर्वी अण्णा गेले. घरात आता कुमुदकाकू, मुलगा श्रीरंग आणि सून मृदुला. श्रीरंग दिवसभर दुकानात, मृदुलावहिनी शाळेत शिक्षिका.

“सहा दिवस झाले,” श्रीरंग म्हणाले. ते जेवणाच्या टेबलापाशी उभे होते, हातात दुकानाच्या किल्ल्या. “आणि हा खात नाही म्हणून आई खात नाही.”

“म्हणजे?”

काकू टाकीशेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या. अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत. “पहिला घास गाईला काढायचा असतो, रंजना. माझ्या आईचं बघून मी लहानपणापासून ते पाळलंय. जुन्या घरी गल्लीत गाय यायची. इथे तिसऱ्या मजल्यावर कुठली गाय? वॉचमनला घास नेऊन द्यायला सांगितला, तर तो कुंपणापलीकडे भिरकावून मोकळा. मग हे म्हणाले, फौजदाराला घाल, तोही जीवच आहे. तेव्हापासून देवाला नैवेद्य झाला की याला त्याच्या खाण्याच्या पाच गोळ्या, मग माझं ताट.”

त्या गोळ्यांत काय काय कुटलेलं असतं हे काकूंनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. शुद्ध शाकाहारी घर. उगाच कशाला!

“आणि त्याने नाही खाल्लं तर?”

“तर मी कशी खाऊ?”

“मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत हिच्या,” श्रीरंग चिडून म्हणाले. “गोळी घ्यायची आणि जेवायचं नाही. गेल्या मंगळवारी इथेच चक्कर येऊन पडली. तेव्हापासून मी रोज एक वाजता दुकान बंद करून येतो, समोर बसतो, हातापाया पडतो, तेव्हा कुठे चार घास खाते. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवलंत तर एक दिवस उठणारच नाहीत. रंजनाताई, शनिवारपर्यंत बघा. नाही खाल्लं तर मासा घेऊन जा. आईच्या जिवापुढे मला हा मोठा नाही.”

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“शनिवार कशाला, गुरुवारी खाईल,” मी म्हणाले. “नाही खाल्लं तर दुकानाची पाटी उतरवीन.”

पौष महिना होता. टाकीचं पाणी गार होतं, हीटर जुना. मी नवा बसवला. पाणी तपासलं तर त्यात घाण फार निघाली. फिल्टरचा स्पंज कुजला असणार म्हणून तोही बदलला, निम्मं पाणी काढून ताजं भरलं, मापाने मीठ टाकलं. घाण का वाढली असेल यावर दोन मिनिटं डोकं चालवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण हात चालू असले की माझं डोकं जरा मागे पडतं.

बुधवारी गेले तेव्हा पाणी उत्तम, हीटर उत्तम, फौजदार टाकीभर मिरवतोय. बारा वाजता काकूंनी पाच गोळ्या सोडल्या. त्याने एक तोंडात घेतली, चघळली आणि आमच्याकडे बघत थुंकली.

“माजलाय,” मी म्हटलं. मग पिशवीतून हुकमी औषध काढलं. लसणाचा रस. न खाणाऱ्या माशाला गोळ्या लसणाच्या रसात भिजवून द्यायच्या, वासाने तोंड उघडतंच. मी वाटीत रस ओतला मात्र, काकू ताडकन उठल्या.

“लसूण? नैवेद्याच्या घासाला लसूण?”

“औषध आहे काकू.”

“औषध असेल. माझ्या देवघरापासून चार हातांवर लसूण चालायचा नाही.”

“मग गॅलरीत भिजवते.”

“गॅलरीत तुळस आहे.”

शेवटी मी जिन्यात बसून गोळ्या भिजवल्या. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई दार उघडून बघून गेल्या. फौजदाराने त्या गोळ्यांचा वास घेतला आणि पाठ फिरवली. मला मनातून राग आला, खरं सांगायचं तर माशाचाच. निघताना मी टाकीतली सगळी रंगीत वाळू काढून घेतली, तळ कोरा केला. “वाळूत काही कुजत असेल तर कळेल,” असं सांगितलं. ही एक गोष्ट मात्र मी बरोबर केली.

गुरुवारी बारा वाजता गेले. मृदुलावहिनींनी मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. मी टाकीपाशी वाकले आणि तिथेच थांबले. कोऱ्या काचेवर विष्ठा पडली होती. ताजी, जाड, तपकिरी, गोळ्यांच्याच रंगाची. नऊ दिवसांच्या उपाशी माशाची पांढऱ्या दोऱ्यासारखी असते, तीही असली तर. मी गोळ्यांचा डबा उघडला. महिन्याभरापूर्वी मीच दिलेला मोठा डबा, त्याच्या तळाला मूठभर उरल्या होत्या. मग फौजदाराकडे नीट पाहिलं. पोट तट्ट, टेंगूळ भरलेलं, रंग चढलेला. उपाशी? हा तर लग्नघरात राहून आल्यासारखा दिसत होता.

कोडं सुटल्याचा मला इतका आनंद झाला की जीभ आवरली नाही.

“मासा रोज खातोय,” मी जाहीर केलं. “आणि पोटभर खातोय. म्हणून बाराला तोंड लावत नाही. वहिनी, सकाळी तुम्हीच घालता ना?”

“मी?” मृदुलावहिनींचा चेहराच उतरला. “मी कशी घालीन? पहिला घास आईंचा असतो, मला माहीत नाही का?”

“श्रीरंग नऊला बाहेर पडतात. मागे राहतात काकू, आणि शाळेला निघेपर्यंत तुम्ही. दया आली असेल, घातल्या असतील चार गोळ्या. पण त्यापायी काकू नऊ दिवस अर्धपोटी राहिल्या, त्याचं काय?”

“मी नाही घातल्या,” वहिनी म्हणाल्या. “मी पहाटे उठून डबे करते, केस विंचरायला वेळ नसतो मला. मी याला…” त्यांनी सासूकडे पाहिलं. काकू टेबलावरच्या फडक्याची घडी घालत होत्या. तीच घडी त्यांनी मोडली आणि परत घातली.

मृदुलावहिनींनी पर्स उचलली आणि घेतलेली रजा तशीच सोडून शाळेत निघून गेल्या. पान वाढलेलं तसंच राहिलं. मी मात्र जिना उतरताना चक्क शीळ घातली. काम फत्ते, पाटी शाबूत.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास दुकानासमोर रिक्षा थांबली. आधी काठी उतरली, मागून कुमुदकाकू. अण्णा गेल्यापासून त्या बिल्डिंगच्या खाली आल्या नव्हत्या, हे मला श्रीरंगनीच सांगितलं होतं. मी धावत जाऊन त्यांना धरलं, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पेला तसाच हातात ठेवला.

“ती नव्हती,” त्या म्हणाल्या. “मी घालते.”

“काय?”

“सकाळी सातला. श्रीरंग आंघोळीला असतो, ती डब्यांत. मी देवाची फुलं निवडते टाकीपाशी. तेव्हा घालते. मूठभर. मग बाराला तो खात नाही.”

मी म्हटलं, “अहो पण मग तुमचा नेम?”

“मोडला नाही,” त्या ठसक्यात म्हणाल्या. “पहिला घास त्याचाच असतो. फक्त सातला असतो.”

मला हसू फुटलं. त्यांनाही आलं, पण तोंडापर्यंत येऊन फिरलं.

“पहिल्या दिवशी त्याने खरंच खाल्लं नाही गं. पाणी गार होतं, तू म्हणालीस ना, तसंच असेल. मी ताट झाकून ठेवलं. मग चक्कर आली. श्रीरंग धावत आला. त्याचा डबा त्याने माझ्यासमोर उघडला, अर्धी भाजी मला वाढली. किती दिवसांनी मला माझ्या हातच्या आमटीची चव लागली म्हणून सांगू. आठ महिने मी त्या टेबलावर एकटी बसते, रंजना. हे असायचे तेव्हा बडबड करायचे, मी म्हणायची गप्प बसून जेवा. आता कुकरची शिट्टी झाली की वाटतं, आता ते ताट वाढायचं.”

“मग सांगायचं ना मुलाला, दुपारी जेवायला घरी ये म्हणून.”

“सांगितलं असतं तर आला असता. गुणी आहे. पण मग तो माझ्यासाठी धंदा सोडून आला असता. दोन दिवस आला असता, तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक असतं, मग फोन केला असता, आणि मला म्हणावं लागलं असतं, असू दे रे. माशासाठी येतो तेव्हा मला काही म्हणावं लागत नाही.”

मी शेजारच्या टाकीचं झाकण उगाच काढून परत बसवलं.

“काल तू तिला बोललीस आणि मी घडी घालत बसले,” काकू म्हणाल्या. “पोर काल दिवसभर जेवली नाही. आज सकाळी मला म्हणाली, आई, शपथ घेते, मी नाही घातलं. माझी शपथ घेत होती ती, आणि मुठीत गोळ्या माझ्या होत्या. उद्या शनिवार. मीच सांगणार आहे सगळ्यांसमोर. मग मासा घेऊन जा तू.”

“कुठे न्यायचाय त्याला? तो कुणाशी जुळवून घेणाऱ्यातला नाही,” मी म्हटलं. “आणि तुम्ही काही सांगायचं नाही. उद्या सातला मूठ उघडू नका, एवढंच करा. बाकी मी बघते.”

“काय बघणार?”

“माशांची डॉक्टर कोण आहे?”

त्यांनी डोळे पुसले, पाणी प्यायल्या. उठता उठता माझ्या टेबलावरच्या डब्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

“तू कोणाबरोबर जेवतेस?”

“इथेच. उभ्या उभ्या.”

“आणि तुझे वडील?”

“ते घरी. आबांना एकटं जेवायची सवय आहे. त्यांचं त्यांना बरं वाटतं.”

“असं त्यांनी सांगितलं?”

मी रिक्षावाल्याला हाक मारली.

शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे एक वाजता तिघंही घरात होते. मृदुलावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, माझ्याकडे न बघता. आधी त्यांचं देणं फेडायला हवं होतं.

“वहिनी,” मी म्हटलं, “परवा मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. चूक माझी होती. ही जात पोटात साठा करून ठेवते. न खाताही दहा-बारा दिवस घाण टाकते. गोळ्या विरघळून पाण्यात जात होत्या, म्हणून डबा रिकामा. मला माहीत नव्हतं.”

आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत ‘मला माहीत नव्हतं’ म्हणाले, आणि तेही नेमकं सगळं माहीत असताना. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग सासूकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “असू दे, रंजनाताई,” त्या म्हणाल्या, आणि पानं घ्यायला आत गेल्या.

“मग रोग काय आहे याला?” श्रीरंगनी विचारलं.

“रोग नाही. सवय मोडलीय. अण्णा होते तेव्हा इथे दोन माणसं जेवायला बसायची. हा बघायचा आणि खायचा. आता एकच माणूस बसतं. याला एकट्याने खायची सवय नाही. टेबलाला दोन माणसं बसली पाहिजेत, बोलली पाहिजेत, तर हा तोंड उघडेल.”

श्रीरंग चष्मेवाले. बारीक बघायची सवय. “पण तुम्हीच अण्णांना सांगितलं होतं, हा मासा एकटाच राहतो म्हणून. पुस्तकातही तसंच लिहिलंय.”

“राहतो एकटा,” मी म्हटलं. “जेवत नाही एकटा. पुस्तक लिहिणाऱ्याने फौजदार पाहिला होता का? मी पाहिलाय. बसा.”

आवाज असा लावला होता की ते बसले. वहिनीही बसल्या. पानं वाढली, वांग्याची भाजी, आमटी, भात. काकूंनी पाच गोळ्या तळहातावर घेतल्या. मी टाकीच्या झाकणाला टेकून उभी होते. तो खाईलच याचा भरवसा नव्हता; मासा तो मासाच, आणि हा तर पक्का लहरी.

“आज वर्गात काय झालं?” काकूंनी सुनेला विचारलं, मुद्दाम मोठ्याने, आणि गोळ्या सोडल्या.

पाणी असं उडालं की श्रीरंगच्या चष्म्यावर थेंब गेले. पाचही गोळ्या एका दमात गट्ट. मग फौजदार काचेला येऊन भिडला आणि आणखी मागू लागला. सकाळपासून उपाशी होता बिचारा, त्या दहा-बारा दिवसांत पहिला दिवस सोडला तर प्रथमच.

“खाल्लं!” श्रीरंग शाळकरी पोरासारखे ओरडले. “आई, खाल्लं त्याने!”

काकूंनी पहिला घास तोंडात घातला. खाली मान घालून खूप वेळ चावला. मृदुलावहिनींनी त्यांच्या पानात न विचारता आणखी भाजी वाढली आणि वर्गातल्या कुणा एकाने फळा पुसताना काय केलं ते सांगू लागल्या.

श्रीरंग त्यानंतर रोज एक ते अडीच दुकान बंद ठेवू लागले. तशी पाटीच रंगवून घेतली त्यांनी. फौजदार सहा वर्षं जगला. तो मेला तेव्हा ते माझ्याकडे आले, मी विचारलं, दुसरा देऊ का? म्हणाले, “आता नको. आता मासा नसला तरी चालतं.” मग जरा हसून म्हणाले, “रंजनाताई, मी ते पुस्तक नंतर पुन्हा वाचलं होतं.”

पण त्या शनिवारचं एक राहिलं. दाण्यांचा जिना उतरले तेव्हा दीड वाजला होता. दुकानाकडे वळायचं ते वळलेच नाही. डबा पिशवीत होता. तशीच नदीकाठच्या आमच्या गल्लीत गेले. दार लोटलेलं होतं, आतून माणसाच्या बोलण्याचा आवाज येत होता. आबांकडे कोण आलंय म्हणून मी दार ढकललं.

कुणी नव्हतं. आबा भुईवर जेवायला बसले होते. ताटासमोर, दुसरं माणूस बसेल तिथं, पोत्याच्या घडीवर रेडिओ ठेवला होता. शेतीची माहिती चालली होती. आमच्याकडे शेत कधीच नव्हतं.

“दुकान बंद केलंस?” आबा दचकले. “कोण गेलं का काय?”

“कुणी न्हाई. भूक लागली.”

“डबा नेलावतास न्हवं?”

“नेलावता. हितं खायाचा हाय.”

मला फार लाज वाटली. काकूंना मी ज्या तोऱ्यात सांगितलं होतं, त्यांचं त्यांना बरं वाटतं, ते आठवून वाटली. आबांनी रेडिओ बंद केला, उचलून फळीवर ठेवला, आणि पोत्याची ती घडी हाताने दोनदा झाडली.

“बस,” म्हणाले.